घरटी एक

आमच्याकडे माणूस जुना की नवा हे तो रस्ता कसा ओलांडतो त्यावरून कळतं. गोदामं झाल्यापासून गावापुढचा रस्ता कंटेनरवाल्यांचा झाला. आम्ही हात पुढे करतो आणि चालू लागतो. गाडी थांबते. नाही थांबली तर आपण थांबतो. यात शिकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग लांबड्या आला.

पहिल्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला पाऊण तास उभा होता. समोर त्याचं गोदाम दिसत होतं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. आणि हा रस्ता रिकामा व्हायची वाट बघत होता. आमच्या पूर्णा गावात, आणि रस्ता रिकामा. मी ओट्यावर बसून बघत होतो. आमची म्हातारी, माझी बायको, पिठाच्या हातानं बाहेर आली.

"तुमी काय तमाशा बघत बसलाव? भाडेकरू हाय ना आपला?"

ती गेली, त्याचं मनगट धरलं, दुसरा हात कंटेनरच्या तोंडासमोर धरला आणि त्या साडेसहा फुटाला पलीकडे सोडून परत आली. त्याच्या निळ्या शर्टाच्या बाहीवर पिठाची बोटं उमटली होती. तो ती न झटकता तसाच कामावर गेला.

तो फिनलंडचा. हा देश वर कुठंतरी बर्फात आहे, एवढंच मला अजून माहीत आहे. गोदामात खोकी आपोआप वेगळी करणारं मशीन बसवायला त्याला कंपनीनं पाठवला होता. राहायला ठाण्यात हॉटेल दिलं होतं. पण खाडीवरच्या पुलावर रोज दोन तास जायचे. म्हणून त्यानं चालत जाता येईल अशी खोली मागितली आणि एजंटनं त्याला माझ्या माडीवर आणून सोडला. दोन बॅगा आणि एक लोकरीची टोपी. टोपी बघून म्हातारी म्हणाली, "याला कुनी सांगलंच नाय वाटतं कुठं चाललाय ते."

त्याचं खरं नाव तीन वर्षांत मला धड घेता आलं नाही. गावानं लांबड्या ठेवलं ते राहिलं. तो मला काका म्हणायचा. वयानं मी त्याच्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठा असेन.

मी तीस वर्षं कामतघरच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवला. चौथीच्या पुढे शाळा नाही. लुमानं पोट भरलं आणि कान खाल्ले. आता माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि लांबड्या तर बोलायचाच नाही. त्याच्या देशात म्हणे गरज नसेल तर माणसं बोलत नाहीत, आणि त्याचा कुणाला राग येत नाही. आम्ही दोघं संध्याकाळी ओट्यावर तास तासभर बसायचो, गाड्या बघत. म्हातारी म्हणायची, "बहिऱ्याला मुका गावला. देवानं जोडी बरी लावली."

पण आमच्या गावात गप्प राहून जगता येत नाही. आला त्याच आठवड्यात तो खाली आला, तोंड गंभीर. मोबाईलमधून हिंदीत वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं असं, की गावातला प्रत्येक माणूस त्याला तो जेवला की नाही हे विचारतो. दूधवाला, रिक्षावाला, गोदामाचा वॉचमन. ही माहिती कशासाठी गोळा होते आणि कुठं जाते?

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं त्याला समजावलं. विचारायचं म्हणून विचारतात रे बाबा. 'हो' म्हणायचं आणि पुढं जायचं.

त्याला ते पटलं नाही. कुणी विचारलं तर तो थांबायचा, आठवायचा आणि खरं सांगायचा. "दोन केळी. एक अंडा. थोडा भात, चांगला नाय." आणि पुढे त्यानंही विचारायला सुरुवात केली. सकाळी आठला, दुपारी चारला, केव्हाही. ड्रायव्हरांना, हमालांना, एकदा मुंबईहून आलेल्या त्यांच्या मोठ्या साहेबाला. "जेवला का?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचा नाही. एक परप्रांतीय ड्रायव्हर मला म्हणाला, "चाचा, सच बोलूँ, इतने साल में इसी गोरे ने पूछा और रुक के सुना."

त्याचं एक वाक्य होतं, "घाई नाय." कुठून शिकला कोण जाणे, इथं तर ते कुणी म्हणत नाही. मागून हॉर्न वाजला की तो वळून त्या माणसाला शांतपणे सांगायचा, "घाई नाय." पाण्याचा टँकर आला की बायकांच्या रांगेत आपला हंडा ठेवायचा आणि त्याच्यामागे ताठ उभा राहायचा. आमच्यात हंडा ठेवला की माणूस घरी जातो, हंडा रांगेत उभा राहतो. हा दोघांनाही उभं करायचा. त्याच्यामुळे एक झालं, रांगेत घुसायची सोय राहिली नाही. घुसणाऱ्या बाईकडे तो फक्त बघायचा. बाई आपणच मागं जायची.

आता रविवारचं सांगतो. मे महिना होता. अंगाची लाही झालेली. मी ओट्यावर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलो होतो, आणि बघतो तर माडीच्या मोरीच्या खिडकीतून धूर. मी वर पळालो, दार वाजवलं, आतून आवाज नाही. आला असता तरी मला ऐकू आला नसता. खांद्यानं कडी उचकटली. आत धूर नव्हता, वाफ होती. दोन शेगड्यांवर दोन पातेली खळाखळा उकळत होती आणि मधे पाटावर हा, कमरेला टॉवेल, अंग उकडलेल्या कोलंबीसारखं लाल, डोक्यात ती लोकरीची टोपी. माझ्याकडे बघितलं.

"रविवार," तो म्हणाला.

त्यांच्याकडे माणसं मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन बसतात. आठवड्याचा मळ आणि राग तिथंच जिरतो म्हणे. मी म्हटलं, अरे त्याच्यासाठी खोली कशाला तापवतोस, इथं दार उघडलं तरी पुरे. पण तो नेमाचा पक्का. कडी त्यानं स्वतः नवी बसवली.

भाकरीचं असं झालं. पहिल्या महिन्यात हॉटेलचं खाऊन त्याचं पोट बिघडलं. म्हातारीनं तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वर पाठवली. तो ताट घेऊन खाली आला. म्हणाला, मी खोलीचं भाडं देतो, याचं देत नाही, तर हे कसं खाऊ?

"भाकरीचं पैसं घेत न्हाईत आमच्यात," म्हातारी म्हणाली.

"मग काम देना."

तिनं परात त्याच्यापुढे सरकवली. तिथून दर रविवारी, त्याची ती वाफ झाली की, तो खाली यायचा.

आमची भाकरी हातावरची. पाणी उकळून त्यात पीठ टाकायचं, वाफ काढायची, चटके बसत असताना मळायचं आणि मग दोन तळव्यांच्या मधे, पाण्याचा हात लावत, फिरवत फिरवत थापायची. पोळपाट नाही, लाटणं नाही. लांबड्या पहिल्या रविवारी थर्मामीटर घेऊन आला. पाणी किती गरम, ते वहीत लिहायचं होतं. म्हातारीनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि मिसळणाच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं. ते अजून तिथंच आहे.

"पान्याला काय ताप आलाय? पिठाला हात लाव. त्येच सांगल."

पिठानं त्याला वर्षभर काही सांगितलं नाही. त्याची भाकरी हातातच फाटायची. कधी पेरूएवढी जाड, कधी कडेनं झालर. आमच्या आळीतला कुत्रा हुंगून निघून जायचा. लांबड्या प्रत्येक बिघडलेल्या भाकरीचं चित्र वहीत काढायचा, खाली तारीख. म्हातारी शेजारणींना वही दाखवायची, "बगा, पोरानं जगाचं नकाशं काढल्यात." आणि तो मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून.

इथं तिच्या अंगठ्याचं सांगायला हवं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भातकापणीत विळा लागला आणि तिचा उजवा अंगठा मधून आखडला, तो कधी सरळ झाला नाही. त्यामुळे ती थापताना अंगठा आत मुडपूनच धरायची, आणि तिच्या भाकरीला कडेला एक बारीक खळगी पडायची, तांदूळ बसेल एवढी. टोपलीत शंभर भाकऱ्या असल्या तरी तिची ओळखू यायची.

लांबड्याला हे कोण सांगणार? त्याला वाटलं, अंगठा मुडपायचा हीच रीत. त्यानं आपला धडधाकट अंगठा आत दुमडला आणि तसाच शिकला. मी एकदा ओरडून म्हटलं, "अरे, अंगठा सरळ कर, सोपं जाईल." तो म्हणाला, "ती असा करते." म्हातारीनं माझ्याकडे बघून डोळ्यानंच सांगितलं, राहू दे. तिला गंमत वाटली असेल. किंवा बरं वाटलं असेल. विचारायचं राहिलं.

ती फाल्गुनात गेली. दुपारी जेवून आडवी झाली, चहाला उठली नाही. चहा मी हाक मारून मारून मागितला. मला वाटलं, ती उत्तर देत असेल आणि मलाच ऐकू येत नसेल.

दहा दिवस घर माणसांनी भरलं होतं. सगळे माझ्या कानात ओरडून समजूत घालायचे. देवाची मर्जी, सवाष्ण गेली, भाग्याची. मला त्यांना हाकलावंसं वाटायचं. लांबड्यानं सुट्टी टाकली आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसला. काही बोलला नाही. दहाही दिवस बोलला नाही. तेवढं एकच माणूस मला चाललं.

अकराव्या दिवशी सगळे पांगले. पोरगी माझी एकुलती एक, डोंबिवलीला दिलेली, तीही गेली. संध्याकाळी मी बसलो होतो तसाच, आणि आतून परातीचा आवाज आला. आवाज कसला, जमिनीला परात टेकली ते पायाला जाणवलं. लांबड्या चुलीपुढे बसला होता. त्या दिवसापासून तो रोज ड्युटीवरून आला की माझी भाकरी करायचा. पहिल्या भाकऱ्या वाईट होत्या. मी खाल्ल्या. हळूहळू बऱ्या झाल्या. त्याला मी ते कधी म्हटलं नाही. म्हातारीलाही कधी म्हटलं नव्हतं, चाळीस वर्षांत.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात भावकीत हळद निघाली. चुलतभावाचा नातू. आमच्या आगरी लग्नात हळद मोठी, आणि हळदीला हजार-दीड हजार भाकऱ्या लागतात. त्या विकत आणत नाहीत. आदल्या दिवशी एक बाई दारोदार हाक देत फिरते, "घरटी एक." म्हणजे प्रत्येक घरातून एका बाईनं आपली परात घेऊन दुपारी मांडवामागे यायचं. चुली मांडलेल्या असतात. ज्या घरची बाई चुलीला बसली ते घर हळदीत धरलेलं. आमच्या म्हातारीची पहिली चूल होती. हौसाकाकी, आमच्या भावकीतली सगळ्यात जुनी बाई, तिनं ती नेमून दिली होती, तिच्या भाकरीकडे बघून.

हाक देणारी आली ती माझ्या दारावरून नुसती पुढे गेली. मी बघितलं तशी थांबली, ओशाळली.

"तात्या, तुमी जेवाला या हां. भाकरीचं नका मनावं घेव. आता तुमच्याकून कोन येनार?"

वाईट काही बोलली नाही ती. चांगल्या मनानंच बोलली. पण मला असं झालं, की म्हातारी वर्षापूर्वी गेली ती एकटी गेली नाही, घर घेऊन गेली. चूल मोजताना माझं दार आता मोजायचं नाही. मी ठरवलं, हळदीला जायचं नाही. ज्या घरचा हात नाही त्या घरचं तोंड कशाला?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लांबड्यानं बघितलं, मी आंघोळ केलेली नाही, कपडे केलेले नाहीत. विचारलं. मी ओरडून सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, मग विचार केला. त्याचा विचार नेहमी लांब चालतो. मग आत गेला आणि म्हातारीची परात काखेत, पाट हातात घेऊन बाहेर आला.

"कुठं?"

"घरटी एक."

"अरे बायका जातात. आणि तू भाडेकरू."

"भाडा वरच्या खोलीचा, काका," तो म्हणाला. "जेवतो खालच्या घरात."

"लोक हसतील."

"हसू दे. घाई नाय."

आणि उतरला. मी मागून गेलो, पण पुढे जायचा धीर झाला नाही. मांडवाच्या बांबूशी उभा राहिलो.

बारा चुली पेटल्या होत्या. पंचवीस-तीस बायका. हा तिथं पोचला तसा आधी सगळा गोंगाट बंद झाला, मग एकदम हसणं उसळलं. ते मला इथून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं ते बरं होतं, पण बाजूला उभा असलेला माझा शेजारी एकेक वाक्य माझ्या कानात ओरडून सांगत होता.

नवऱ्यामुलाची आई पुढे आली. "काय रं लांबड्या, वाट चुकलास काय? पुरुष तिकरं बसल्यात, मटनाजवळ."

"काकांच्या घराकडून," तो म्हणाला आणि परात दाखवली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकजण म्हणाली, "बाप्यानं चुलीला बसायचं? आनि याची भाकर कोन खानार गो?" दुसरी म्हणाली, "याचं पाय ठेवाला वेगळी चूल लागंल." हौसाकाकी टोपल्यांपाशी बसली होती, भाकऱ्या कापडात रचत. तिनं मान वर केली नाही. "शेवटची चूल मोकळी हाय. बसू दे. दोन थापील नि उठंल. धुराला पुरुष टिकत न्हाईत."

तो बसला. गुडघे कानापर्यंत आलेले. बायका मधून मधून वळून बघायच्या आणि तोंडात पदर घालायच्या. पहिली भाकरी त्याची फाटली. मी बांबू घट्ट धरला. त्यानं तो गोळा मोडला, पाण्याचा हात घेतला आणि पुन्हा थापायला घेतला.

ऊन पत्र्यावरून खाली आलं तशी चुलींच्या रांगेची भट्टी झाली. तासाभरानं पहिल्या बाया उठल्या, वारा घ्यायला. दुसऱ्या बसल्या, त्याही उठल्या. लांबड्या उठला नाही. तोंड लालभडक, पण चेहरा असा, जसा देवळात बसलाय. बाजूच्या चुलीची बाई दोनदा पाणी पिऊन आली. तिनं विचारलं, "अरं बाबा, तुला उकडत न्हाय?"

"रविवारसारखा आहे," तो म्हणाला.

तो दिवस मंगळवार होता. तिला काही कळलं नाही. मला कळलं, आणि वर्षात पहिल्यांदा मी हसलो.

दुपार कलली. हौसाकाकीचा हात टोपलीत थांबला. तिनं एक भाकरी वर काढली. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून कडेवरून बोट फिरवलं. आणखी एक काढली. तिच्यावरूनही फिरवलं.

"ही कुनी थापली?"

सगळ्यांनी लांबड्याकडे बोट केलं. त्याला वाटलं, चुकलं. तो परात बाजूला ठेवून उभा राहिला.

"पातळ कमी?" त्यानं विचारलं.

हौसाकाकीनं भाकरी हातात तशीच धरली. इकडे तिकडे बघितलं आणि बांबूमागे मी दिसलो. "इकरं ये रं, लपतोस काय. हात लाव हिला."

मी गेलो. हात लावला. कडेला बारीक खळगी होती, तांदूळ बसेल एवढी. वर्षभर मी तीच भाकरी खात होतो, मान खाली घालून, तुकडा मोडून. बघितली नव्हती. मी खाली मान घालून जेवत होतो आणि ती माझ्या ताटात रोज येत होती.

"तुज्या घरची भाकर हाय ती," हौसाकाकी माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, म्हणजे साऱ्या मांडवानं ऐकलं. मग ती पहिल्या चुलीवर बसलेल्या सुनेकडे वळली. "उठ गो. जागा दे. पयली चूल त्यांची हाय."

ती सून उठली. लांबड्यानं परात उचलली, पाट उचलला आणि बारा चुलींच्या समोरून चालत पहिल्या चुलीवर जाऊन बसला. आता कुणी हसलं नाही. नवऱ्यामुलाच्या आईनं स्वतः विस्तव सारून दिला. त्याच्या पुढच्या भाकरीला मातीच्या खापरीवर असा पापुद्रा सुटला, की ती टम्म फुगून उभी राहिली. म्हातारीची अशी फुगायची तेव्हा ती तिच्यावर टिचकी मारायची. यानंही मारली.

संध्याकाळी मी घरी गेलो, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या पंगतीला बसलो. सात भाकऱ्या खाल्ल्या. वाढणाऱ्याला म्हटलं, आमच्या घरच्या बघून वाढ.

मशीन बसलं, चालू झालं, आणि मागच्या दिवाळीनंतर लांबड्या त्याच्या देशात गेला. जायच्या आधी महिनाभर त्यानं मला परातीपुढे बसवला. माझ्याच घरात, माझ्या बायकोची भाकरी, फिनलंडचा माणूस मला शिकवत होता. मी म्हटलं, "माझ्यानं आता काय व्हायचंय?" तर म्हणाला, "पिठाला विचारा." मी सरळ अंगठ्यानं थापायला गेलो की माझ्या हातावर हळूच चापट मारायचा.

माझ्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. वही तो माझ्याकडेच ठेवून गेला आहे, पुढची पानं कोरी.

निघाला त्या दिवशी गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. दोन्ही बॅगा माझ्या शेजाऱ्यानं घेतल्या. लांबड्यानं माझं मनगट धरलं, दुसरा हात कंटेनरपुढे केला, आणि मला पलीकडे नेलं. मग त्याच्या लक्षात आलं, की मला परत अलीकडेच यायचं आहे. तसा मला पुन्हा अलीकडे आणून सोडला आणि एकटा गेला.

काल हाक देणारी आली. खालच्या आळीत हळद आहे. ती दारात थांबली, पुढे गेली नाही. माडीकडे बघितलं, खिडकी बंद.

"तात्या, घरटी एक," ती म्हणाली. "तुमच्याकून कोन?"

"मी," मी म्हटलं. "पहिली चूल धरून ठेव."